अर्धा आटा

प्रिय मामा,

पत्र बघून दचकाल. इतकी वर्षं शिपाई आणि बाई म्हणून एका शाळेत काढली, पण मी तुम्हाला कधी काही लिहिलं असेल तर 'गॅसची टाकी संपलीय, बदलून ठेवा' एवढंच. आज प्रयोगशाळेत, तुमच्या त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसून लिहितेय. शाळा सुटलीय. अक्षर वेडंवाकडं येतंय त्याला हसू नका. मला भीती वाटतेय, मामा. कालपासून धड जेवले नाही. घरी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

काय झालं ते आधी सांगते. मंगळवारी सातवीच्या वर्गाकडून बाथ बॉम्ब करून घेतले. आंघोळीच्या पाण्यात टाकले की फसफसतात ते रंगीत गोळे. मोठ्या बाईंनी पालकांच्या संमतीपत्रातला 'बॉम्ब' शब्द बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही 'आंघोळीचे फसफसणारे गोळे' असं लिहिलं. खायचा सोडा, सायट्रिक ॲसिड, मक्याचं पीठ, थोडं तेल, चिमूटभर रंग. ॲसिड आणि सोडा कोरडे असले की शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदतात, पाणी लागलं की भांडायला उठतात, असं मी फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरं खिदळली. तुम्हाला माझी शिस्त माहितीच आहे. सगळ्यांना चष्मे, हातमोजे, पावडर नाकात जायला नको म्हणून मास्क, केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, खिडक्या सताड उघड्या. पाणी फक्त फवाऱ्यानं, एका वेळी एकच फुर्र, आणि मिश्रण फुगायला लागलं की हात बाजूला. मागे कुणीतरी 'चष्मावाली आली रे' असं कुजबुजलं. माझं हे नाव जुनंच आहे. का पडलं ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

गोळे झाले छान, पण हवा दमट होती आणि ते आतून ओलसरच राहिले. शनिवारच्या प्रदर्शनात दिसायला बरे म्हणून मी काचेच्या बरण्या मागवल्या होत्या. ही माझीच हौस. प्लॅस्टिकचा डबा काय वाईट होता? ठेवण्याआधी पोरांना तुमचा धडा दिला, अगदी तुमच्या शब्दांत: झाकण लावा, मग अर्धा आटा मागे फिरवा, आत वायू झाला तर त्याला दार हवं. 'अर्धा आटा, अर्धा आटा' करत अख्ख्या वर्गानं झाकणं मागे फिरवली. अठ्ठावीस बरण्या मी स्वतः बघितल्या. एकूणएक सैल होत्या.

काल सकाळी पहिल्याच तासाला मुंगीनं कपाटातून आपली बरणी उचलली आणि ती तिच्या हातात फुटली. मुंगी म्हणजे आमच्या वर्गातली अगदी लहान चणीची मुलगी. सगळं हळू करते पण नेटकं करते, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलंय. कपाट उघडताना चष्मा कोण लावतं? भुवईवर तीन टाके पडलेत आणि काचेची एक कपची डोळ्याला घासून गेलीय. किती खोल ते पट्टी काढल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात तिचा हात धरून बसले होते. पोरगी रडत नव्हती हो. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाई, मी विसरले असेन. मीच घट्ट लावलं असेन."

मी 'पड जरा' म्हणून तिची उशी सारखी केली. मुंगीनं काही घट्ट लावलं नव्हतं. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी दिवे बंद करायला परत आले. बाहेर आभाळ भरून आलं होतं. त्या कोपऱ्यातल्या खिडकीची कडी अजून बसत नाही. मागच्या वर्षी असेच गोळे दमट हवेनं फुगून त्यांना चामखिळी आल्या होत्या आणि पालक तोंडावर रुमाल धरून हसले होते, ते आठवलं. तुम्ही सैल ठेवलेली झाकणं मी तुमच्या मागून जाऊन आवळत असे आणि तुम्ही 'बाई, तुमच्या हाताला चैन नाही' म्हणत असा, आठवतं? तो हात तसाच आहे. एका टोकापासून सुरुवात केली आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस झाकणं करकचून आवळली. तळहात लाल झाला होता. वर मनात म्हणाले, चला, आता बाहेरचा दमटपणा आत जायचा नाही! आतल्या ओलाव्याचं काय, हे मला, चौदा वर्षं हेच शिकवणाऱ्या बाईला, सुचलं नाही. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताक फुंकत बसले आणि दूध तसंच घटाघटा प्यायले.

कुणी बघितलेलं नाही. काल दवाखान्यातून येऊन मी उरलेल्या सत्तावीस बरण्या एकेक करून, जाड टॉवेल गुंडाळून, तोंड फिरवून मैदानात उघडल्या. प्रत्येकीतून फुस्स आवाज आला. उघडायला तर हव्याच होत्या, पुन्हा कुणाच्या हातात फुटली असती तर? पण शेवटची उघडल्यावर लक्षात आलं की एकट्या मुंगीचं नव्हे, सगळीच झाकणं आवळलेली होती याचा पुरावाही गेला. आणि मला हायसं वाटलं, मामा. खोटं कशाला बोलू, क्षणभर अगदी जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मला त्या डोळ्यापेक्षा माझीच जास्त भीती वाटायला लागलीय.

मोठ्या बाई वाईट नाहीत, पण शाळेचं नाव त्यांना जिवापलीकडे. काल संध्याकाळी त्यांनीच सुचवलं: सूचना स्पष्ट दिली होती, वर्गानं ती तोंडानं म्हटली होती, एका मुलीकडून चूक झाली, एवढंच अहवालात लिहा. मी 'बरं' म्हटलं. आज सकाळी मुंगीचे वडील शाळेत आले. मला वाटलं, आता ओरडतील, जाब विचारतील. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. मुलीच्या निष्काळजीपणाबद्दल त्यांनी माफी मागितली होती! प्रदर्शन रद्द झालं, शाळेला त्रास झाला, पुन्हा असं होणार नाही. मी तो कागद घेतला, 'असू द्या, होतं असं' म्हटलं, आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिले. वर्गातल्या पोरांनी तर तिचं नाव काढणंच सोडलंय.

तुम्ही आत्ता तुमचं उजवं मधलं बोट चोळत असाल, वाकत नाही ते. अकरा वर्षं झाली. सोडा आणि व्हिनेगर घातलेली बाटली बूच ठोकून कपाटात मी ठेवली होती, घरी जायच्या घाईत. कपाट तुम्ही उघडलंत आणि ती तुमच्या उजव्या हातात फुटली. मी नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरले होते. नोंदवहीत तुम्ही डाव्या हातानं लिहिलंत, 'माझ्या हातून बूच घट्ट बसले.' मला म्हणालात, तुमची नोकरी नवी, माझी संपत आली, जाऊ द्या बाई. आणि बाईंनी जाऊ दिलं. तुम्हाला प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं, शेवटची तीन वर्षं उन्हातान्हात. मी रोज सकाळी त्याच फाटकातून आत यायची, तुम्ही हसून दार उघडायचात, आणि मी घड्याळात बघत पुढे जायची. निरोपसमारंभाला स्वेटर दिला. फार चांगली लोकर होती, असं मी घरी चार वेळा सांगितलं होतं.

तेव्हापासून मी चष्मावाली. अपघाताची भीती, असं लोकांना वाटतं. मला अपघाताची भीती कधीच नव्हती. कुणीतरी ती नोंदवही उघडून विचारेल, याची होती.

आता पत्र का लिहिलं ते. उद्या दहाला चौकशी आहे आणि मोठ्या बाई आज तुम्हाला फोन करून बोलावणार आहेत. जुना, जाणता माणूस. बाई किती काळजी घेतात ते चार शब्दांत सांगतील, असं त्या म्हणाल्या. तुम्ही याल, आणि सांगालही. तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. म्हणून हात जोडते, या वेळी मला वाचवू नका. मुंगीची पट्टी उद्या नऊला निघणार आहे. डोळा सुखरूप निघाला तर मी म्हणेन, झालं ना सगळं ठीक, आता कशाला. नाही निघाला तर भीतीनं माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. दोन्ही वेळी मी गप्पच बसेन, हे मला माहीत आहे. म्हणून नऊ वाजायच्या आत, आजच, सगळं लिहून सही केलीय: मंगळवारच्या अठ्ठावीस बरण्या आणि अकरा वर्षांपूर्वीची ती बाटली. तो कागद या पाकिटात आहे, मी दुसरी प्रत ठेवलेली नाही. तुमच्या दाराशी येईन, पण बेल वाजवणार नाही. तुम्ही समोर आलात की 'जाऊ द्या बाई' म्हणाल, आणि मी पुन्हा जाऊ देईन. पाकीट दाराखालून सरकवते. उद्या मुंगीचे आईवडील समोर बसलेले असतील. मी उठून बोलले तर बरंच. नाही बोलले, तर माझ्या तोंडाकडे बघू नका. कागद काढा आणि मोठ्यानं वाचा.

तुमच्या बोटाची देणेकरीण,
तुमचीच
चष्मावाली