लुंगीला खिसा नसतो

१२ जानेवारी, सोमवार
लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. हे लुंगीवर बसून व्हॉल्व्हचा रेडिओ सेट दुरुस्त करत होते. मी चहा घेऊन गेले, तर मान वर न करता म्हणाले, "पाटावर उभी राहा आणि हा हात धर." डावा हात पुढे केला. पाटावर उभं राहून हात धरायचा म्हटल्यावर नव्या नवरीला काय वाटणार! कॉन्व्हेंटची पोरगी मी, कानापर्यंत लाल झाले. बराच वेळ धरून उभी होते. सेट बंद झाला तेव्हा म्हणाले, "सोड आता. चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही लागले की करंट छातीतून जातो. पाट लाकडाचा, त्यातून जात नाही. लुंगीला खिसा नसतो."
चहा गार झालेला. तोच प्यायलो दोघं.

आज दुपारी त्याच खोलीत चहा घेऊन गेले. सेट चालू, उजवा हात आत. डावा हात सेटच्या सांगाड्यावर, चासीच्या पत्र्यावर पडलेला, भाजीच्या पिशवीसारखा. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. कप फुटला.
"आवाज ऐकायलो होतो, बंद का केलंस?"
"हात कुठे आहे बघा."
बघितलं. दुसऱ्या कोणाचा हात असावा तसं बघितलं. पॅरालिसिसचा झटका दिवाळीत आला, तेव्हापासून त्या हाताला काही कळतच नाही. खिशात ठेवला तरी घसरतो, आणि घसरला हेही कळत नाही.
ओरडले मी. आयुष्यात पहिल्यांदा एवढी. शेजारच्या बाई डोकावून गेल्या.

१३ जानेवारी
तो सेट बोरीच्या बालाजीचा. ह्यांनीच त्याच्या वडिलांना बांधून दिला होता, मंडपावर भोंगे लावायला. वडील गेले, सेट राहिला. आज बालाजी हरभऱ्याची जुडी घेऊन हजर.
"काकू, सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला बाबाचाच अँपलीफायर लावायचा म्हणलोत."
"नवा नाही का तुझ्याकडे?"
"हाय की. त्याला आवाज हाय, वजन न्हाई."
आतून हे हसले. मला हसू आलं नाही. म्हटलं, "तुझ्या काकांचा हात गेलाय, दिसत नाही का तुला?"
"काकाच म्हणले, आण म्हणून. मी न्हाई कसं म्हणू?"
सगळेच असे. न्हाई कोणी म्हणायचं? मी. वाईट कोण? मीच.
हरभरा सोलला नाही. पडू दे.

१५ जानेवारी
निखिलचा फोन, पुण्याहून. त्याचं एकच. "आई, ते डबडं भंगारात दे. नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर-बिन्सफॉर्मर काढून रेडीमेड सप्लाय बसवा, विषय संपला." वर म्हणतो, "बाबांना कळत नाही का?"
बाबांना सगळं कळतं. हाताला कळत नाही. हे त्याला किती वेळा सांगायचं.
ट्रान्सफॉर्मर-बिन्सफॉर्मर! त्याच्या शाळेच्या फिया ह्यांनी हाताने गुंडाळलेल्या त्या बिन्सफॉर्मरनेच भरल्यात. फोन ठेवून दिला.

संध्याकाळी ह्यांच्याशी पुन्हा तोच वाद. ह्या जुन्या सेटच्या सप्लायमध्ये मोठे कंडेन्सर असतात. बटण बंद केलं तरी त्यांच्यात करंट भरून राहतो, चारशे व्होल्टच्या आसपास. तो आपोआप उतरायची सोय ह्यांनी कधी ठेवलीच नाही. हे स्क्रूड्रायव्हर टेकवतात, चट्ट करून ठिणगी उडते, झालं. टोक पार खाल्लं गेलंय त्याचं. मी म्हटलं, एक रेझिस्टर लावा, बंद केल्यावर सगळं त्याच्यातून जिरून जाईल. नव्या सेटमध्ये असतोच की.
"पन्नास वर्षं हातानं उतरवायलोय. मला टेकू लागत नाही."
म्हणाले, आणि उठायला काठी मागितली.
दिली नाही. मग दिली.

१७ जानेवारी
दुपारी हे झोपलेले. ड्रॉवर उघडला. रेझिस्टर रंगांच्या पट्ट्यांवरून ओळखता येतात मला, इतकी वर्षं निवडून दिलेत. बालाजीच्या सेटमध्ये कंडेन्सरवर आडवा लावून टाकला. प्लग काढलेला, स्क्रूड्रायव्हर टेकवलेला, डावा हात पाठीशी. तारा सारख्या वळवल्या. भरतकामाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, उलटी बाजूही सुलट दिसली पाहिजे. दिसत होती.
चोरी केल्यासारखं वाटलं. मग चीडच आली. कसली चोरी?

१८ जानेवारी
ह्यांनी सेट लावला, दोन मिनिटांत बंद केला. स्क्रूड्रायव्हर टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला.
"ठिणगी नाही आली."
मी तांदूळ निवडत बसले.
ह्यांनी आत वाकून बघितलं. "कोणी हात लावला?"
"मी."
"माझ्या सेटात?"
"सेट तुमचा. नवरा माझा."
तोंडातून शब्द फुटेनात इतके चिडले. झटक्यानंतर जीभ जड, त्यात राग. शेवटी म्हणाले, "विचारायचं असतं." मीही म्हटलं, "विचारलं होतं." रात्री भिंतीकडे बघत भाकरी खाल्ली. मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत.

१९ जानेवारी
अबोला.

२० जानेवारी

सकाळी ह्यांनी सेट बराच वेळ चालू ठेवला होता. भोंग्यातली ती सततची घूं घूं, तो घुमारा, कमी होतो का ऐकत होते, माझ्याकडे पाठ करून. जळका वास आला. बंद केलं. मी धावत गेले, माझाच रेझिस्टर काळा पडलेला, दोन तुकडे. हात लावून बघायला वाकले.
"थांब!"
इतका स्वच्छ शब्द ऑक्टोबरपासून ऐकला नव्हता. उजव्या हाताने माझा पदर धरून मला मागे ओढलं, खुर्ची कलंडता कलंडता राहिली. मग स्क्रूड्रायव्हर टेकवला. चट्ट! निळी, एवढी मोठी.
ती माझ्या बोटात जाणार होती.
"केवढ्या वॉटचा लावला होतास?"
"डब्यात होता तो."
"रंग बघितलेस, जाडी नाही बघितली. अर्ध्या वॉटचा पोरगा, त्याच्या डोक्यावर चार वॉटचं ओझं. तो मेला, आणि तू त्याच्या भरवशावर."
बरोबर होतं त्यांचं. ह्याचाच सगळ्यात जास्त राग आला. निदान ओरडायचं तरी होतं. खाली मान घालून बसले आणि म्हणाले, "चहा कर."

२२ जानेवारी
मोंढ्याजवळच्या दुकानातून दहा वॉटचा आणला, पांढरा सिमेंटचा. दुकानातला विचारतो, "मॅडम, कशाला पायजे?" म्हटलं, नवऱ्याला. तो हसला, मी नाही.
कसा लावायचा ते ह्यांनीच ठरवलं. "मी सांगतो, तू कर."
सांगणं म्हणजे काय! "झारणाचं कथील जास्त झालं. पुसून काढ. पुन्हा. बत्तीस वर्षं पोरांना शिकवलंस, तुला तिसऱ्यांदा सांगावं लागतं?" डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. डाग दिला तो मात्र चांगला बसला.
मग सेट चालू करून मीटर लावायची वेळ. म्हणाले, "पाट घे."
घेतला, वर उभी राहिले. त्यांनी उजवा हात पुढे केला.
"डावा दे इकडे. साडीलाही खिसा नसतो."
धरून ठेवला. सेट बंद केल्यावर मीटरचा काटा हळूहळू शून्यावर आला. तो आल्यावरही सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.
घुमारा अजून आहे. दुसरा कंडेन्सर गेला असणार.

२४ जानेवारी
ठरलं होतं, एकट्याने सेट उघडायचा नाही. अंघोळ करून आले तर उघडलेला! डावा हात पट्ट्याने खुर्चीला बांधलेला, एका हाताने, दातांनी आवळून. म्हणे, "बांधलाय ना, मग काय?"
आणि पट्टा सुटला तर? ह्यांना कळणार आहे?
डोकं दुखतंय चिडून. उद्या बालाजी येईल. तो यायच्या आत कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, निखिलने वाचावं.

बालाजीचा सेट बालाजीला, घुमाऱ्यासकट. सव्वीस तारखेचा झेंडा त्याने खाली येत नाही. पुन्हा आणायचा तर आधी मला विचारायचं.
लग्नातला रेडिओ निखिलला, आतल्या ट्रान्सफॉर्मरसकट. रेडीमेड सप्लाय बसवणार असेल तर देऊ नये.
व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मरच्या तारा, आणि बाकी सगळे सेट आयटीआयला. देताना प्रत्येकावर चिठ्ठी: बंद असला तरी आधी मीटर लावा, मग हात.
मीटर माझ्याकडे. पाट इथेच, त्याच खोलीत.
टोक खाल्लेला स्क्रूड्रायव्हर कोणालाही नाही. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात आहे. सकाळपासून शोधताहेत.
"अगं, कुठं ठेवलास?" तिसऱ्यांदा. उत्तर देणार नाही. काठीचा आवाज स्वयंपाकघराकडे वळला. उठते.