नाणे कडेवर

४ जानेवारी, सकाळी ९.१०
सहाव्या इंजिनाच्या जुळणीस आजपासून प्रारंभ. कपाटातली आधीची पाचही इंजिने चालतात, हे नोंदवून ठेवतो. सहावे म्हणजे काकांच्या जुन्या मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती. त्याच मोटारीतून मी हिला पहिल्यांदा भेटायला गेलो होतो. मोटार हिच्या दारातच बंद पडली आणि निघताना हिने मागून धक्का दिला होता.
सर्व भाग दोन वर्षांत लेथवर तयार झाले. उरली ती केवळ जुळणी. वेळापत्रक भिंतीवर लावले. २ फेब्रुवारीला आमच्या प्रतिकृती-मंडळाचे प्रदर्शन.
वेळापत्रक वाचून हिने विचारले, यालाही धक्का मीच द्यायचा का.

७ जानेवारी
कार्बुरेटरची सुई बसवताना वाकली. केसाएवढी बारीक असते. दोष पितळाचा. जादा चार करून ठेवल्या आहेत, यालाच नियोजन म्हणतात.

९ जानेवारी
जादा चारांपैकी तीन वाकल्या. दोन स्क्रू जमिनीवर, एक सापडला.
ही म्हणाली, सहा महिने झाले, तुमच्या हातात कपबशी वाजते. पितळाला काय बोल लावता, हात डॉक्टरांना दाखवा. मी शांतपणे समजावले की इंजिन झाल्यावर पाहू, आणि ओघात अंतिम कसोटीही सांगितली: चालत्या इंजिनावर नाणे कडेवर उभे करायचे. संतुलन अचूक असेल तर ते पडत नाही.
हिने विचारले, कडेवर कशाला, त्याला चालता येत नाही का.
मग गंभीर होऊन म्हणाली, ठीक आहे. ते नाणं तुमच्या हातानं उभं करून दाखवा, मी डॉक्टरांचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं.
मान्य केले. इतकी सोपी पैज आयुष्यात लावली नव्हती.

१२ जानेवारी, सकाळी ८.३०
पद्धतशीर जायचे ठरवले. तंत्रशाळेत एकतीस वर्षे हेच शिकवले: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जो भाग तुम्ही तपासला नाही, तोच पहिला संशयित. संशयितांची यादी केली: चष्मा, दिवा, चहा, टेबल, पलीकडच्या खोलीतला फ्रिज. यादी परिपूर्ण आहे.
पेनाची निब बिघडली आहे. अक्षराला दाते पडतात. नवे पेन आणले.

१४ जानेवारी
चष्मा आणि दिवा निर्दोष. चहा दोन दिवस बंद. परिणाम शून्य, स्वभावावर मात्र झाला असे हिचे मत.
फ्रिज बंद करून प्रयोग. टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. फ्रिज बंद असताना पाणी स्थिर. फ्रिज सुरू असतानाही स्थिर. परिपूर्णतेसाठी पेला हातात धरला. पाण्यावर लाटा.
निष्कर्ष: जमिनीतली कंपने टेबलापेक्षा मानवी देहातून अधिक चांगली वाहतात. विषय संशोधनाचा आहे.
दूध नासले. त्यावरून बरेच ऐकले.

१७ जानेवारी
कंपने तोडण्यासाठी टेबलाच्या पायांखाली टेनिसचे चार चेंडू. तत्त्व अचूक. टेबल मात्र घरंगळत निघाले. सिलिंडर ब्लॉक कोपऱ्यावर पडला, पोचा आला. मूळ मोटारीलाही त्याच जागी पोचा होता, असे आता स्पष्ट आठवते.
मुलीचा फोन. आईने तिला सगळे सांगितलेले दिसते. मी तिला अनुनादाची संकल्पना वीस मिनिटे समजावली. ती म्हणाली, बाबा, हात कसा आहे तेवढं सांगा.

२० जानेवारी
महत्त्वाची प्रगती. कार्बुरेटरची शेवटची सुई सकाळभर बसली नाही. जेवून तासभर पडलो. उठून पाहतो तो सुई जागेवर, वरचा स्क्रूही आवळलेला. उपपत्ती दोन. एक, दुपारच्या उष्णतेने छिद्र किंचित प्रसरण पावून सुई आपोआप उतरली. दोन, मीच बसवली आणि एकाग्रतेमुळे स्मरण राहिले नाही. स्क्रूचा विचार करता दुसरी अधिक सयुक्तिक.
नवे पेनही तसलेच. हल्ली निबा कशा घडवतात कोण जाणे.

२३ जानेवारी
पिस्टनच्या कड्या सकाळी बसल्या नाहीत. दुपारच्या विश्रांतीनंतर चारही पिस्टनांच्या बसलेल्या आढळल्या. विश्रांतीचे महत्त्व आपल्याकडे कोणी ओळखलेले नाही.
स्क्रूच्या डबीत दोरा ओवलेली शिवणाची सुई सापडली. या घरात वस्तू जागेवर ठेवण्याची शिस्त नाही. हिला तसे सांगितले. ही नुसती हसली.

२६ जानेवारी
मंडळाचे कार्यवाह येऊन गेले. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. प्रदर्शनातली जागा नक्की करायला आले होते. पण इंजिनाकडे कमी आणि माझ्या हातांकडे अधिक पाहत होते. मग आपणहून म्हणाले, मास्तर, दुकान बंद करण्याआधीच्या वर्षात मी अकरा चिमटे विकत घेतले. प्रत्येक वेळी वाटायचं, चिमटाच खराब आहे.
माणूस भला. पण पद्धत नाही. चिमट्यांच्या आधी टेबल तपासायला हवे होते.

२९ जानेवारी, दुपारी ३.००
आज झोप लागली नाही. पाणी प्यायला उठलो. कामाच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. ही माझ्या स्टुलावर बसली होती. सुईत दोरा ओवताना काढते तसे जिभेचे टोक बाहेर. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवत होती. हात अगदी स्थिर. समोर माझा आराखडा, त्यावर हिच्या पेन्सिलीच्या खुणा.
पाणी न पिता परत येऊन पडलो.

२९ जानेवारी, सायंकाळी ६.००
व्हॉल्व्ह पूर्ण. ही बहुधा धूळ पुसत होती. पुसल्याने बारीक भाग जागेवर सरकतात.

१ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
इंजिन सुरू झाले. तिसऱ्या फेऱ्याला. आधी एक खोकला, मग चारही सिलिंडर एका लयीत. ब्लॉकवर पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर रेषही नाही. असे इंजिन मी आजवर पाहिलेले नाही.
नाणे काढले. ही समोर उभी.
पहिला प्रयत्न: नाणे तेलकट. पुसले. दुसरा: खिडकीतून वारा. खिडकी लावली. तिसरा: नाण्याची कड झिजलेली. दुसरे नाणे. चौथा, पाचवा: हिच्या श्वासाने हवा हलली. ही दारात जाऊन उभी राहिली. सहावा: इंजिनच हलते आहे असे मी म्हणालो. हिने पेल्याकडे बोट दाखवले.
सातवा.
आठवा.
नवव्याला कारण सुचले नाही.
ही पुढे आली, माझ्या हातातून नाणे घेतले आणि चालत्या इंजिनावर कडेवर उभे केले. उभे राहिले. मी प्राथमिक व दुय्यम संतुलनातला फरक समजावू लागलो. हिने मध्येच न तोडता ऐकून घेतले. मग इंजिन बंद केले आणि म्हणाली, छान झालंय हो. आता चपला घाला.

२ फेब्रुवारी
इंजिन घड्याळजी प्रदर्शनाला घेऊन गेले. माहितीच्या पाटीवर निर्माते म्हणून दोन व्यक्ती लिहा, असे त्यांना सांगितले आहे. डॉक्टरांनी काल अर्धा तास तपासले. उद्या मेंदूची तपासणी. त्यांनी कागदावर एक गोल वाकडी रेषा, गोगलगायीसारखी, काढायला सांगितली होती. मी निबेचा प्रश्न काढला. त्यांनी बॉलपेन दिले. रेषेला दाते पडलेच.
आजची नोंद मी तोंडी सांगतो आहे आणि ही लिहून घेते आहे. मागची पाने वाचणार नाही असे हिने कबूल केले आहे. २० तारखेच्या पानावर मात्र हसण्याचा आवाज आला.
पेन उत्तम चालते, असे हिचे म्हणणे.