सोयादुधाच्या खोक्यातली सुई

४ मार्च, मंगळवार

आ-मानला सुई टोचली!

काल संध्याकाळी. कचऱ्याच्या गाडीमागून पुठ्ठे-बाटल्यांची दुसरी गाडी येते, तिच्यावर ती उभी असते. आमच्या गल्लीत चौदा वर्षं. सकाळी शेजारीण सांगत आली — "सोयादुधाचं खोकं दाबून चपटं करत होती बिचारी. हातमोज्यातून आरपार! कुणाच्या घरचं, काही पत्ता नाही."

मला आहे.

खोकं माझं. सुया माझ्या नवऱ्याच्या, जिन-थूच्या. इन्सुलिनच्या.

५ मार्च

भांडी तीनदा घासली.

सुया कुठे द्यायच्या हे मला माहीत नव्हतं असं नाही. नाक्यावरचा औषधवाला ल्यू घेतो. जाड बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, आणून द्या — पुढे इस्पितळाची माणसं नेऊन जाळतात. त्याच्या काचेवर कधीपासून कागद लावलाय. पण दुकानातल्या बाकावर कायम चार बायका बसलेल्या. आणि जिन-थूचं आपलं एकच — "माझं दुखणं बाटलीत भरून गल्लीभर मिरवणार का?"

साखरेची त्याला लाज नाही. लाज आहे काविळीची. 'कावीळ ब' — तीस वर्षं त्याच्या रक्तात आहे. त्याला, मला आणि डॉक्टरला माहीत. बस्स.

६ मार्च

ल्यूच्या दुकानात गेले. खोकल्याचं औषध मागितलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काविळीवाल्याची सुई असेल तर वेगळं इंजेक्शन देतात, काकू. पहिल्याच दिवशी दिलेलं बरं. जितका उशीर, तितका उपयोग कमी. पण सुई कुणाची तेच डॉक्टरांना ठाऊक नाही. नुसती लस दिलीय म्हणे."

खोकल्याचं औषध तिथेच विसरले.

७ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

आ-मानच्या घरी गेले. ती रताळ्याची पेज खात होती. मला पण वाडगा काढायला लागली. मी उभ्यानेच म्हटलं, "सुई आमची होती."

"हं," म्हणाली. "बस ना, ताई."

"जिन-थूला कावीळ आहे. ब."

तिचा हात वाडग्यावरच राहिला.

"कावीळ?" मग — "चार दिवस, ताई?"

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिची मुलगी यू-शान मात्र ओरडली. लगेच इस्पितळात गेलो तिघी, ते इंजेक्शन दिलं. डॉक्टर तरुण होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता वाट बघायची."

१० मार्च

गाडी आली. आ-मानने माझी पिशवी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

२१ मार्च

घरात बसवत नाही. ल्यूकडून वीस रिकाम्या बाटल्या घेतल्या, दारोदार फिरले. ज्यांच्याकडे सुया आहेत त्यांनी यात टाका, भरली की मीच नेईन, नाव कुणाला कळणार नाही. आपल्या एका गल्लीत अकरा घरं निघाली! कुणी मिठाईच्या डब्यात ठेवतं, कुणी संडासातल्या कचऱ्यात.

म्हातारा शेन दारातच अडवून — "सुई माझी, ढुंगण माझं, तुला गं कसली पंचाईत?"

"माझ्यामुळे आ-मानला टोचली, म्हणून."

त्याने बाटली घेतली. दोन घेतल्या.

४ एप्रिल

आज पितरांचा सण, जिन-थूच्या वडिलांचं थडगं झाडायला गेलो. उदबत्ती लावून तो नुसता उभा. म्हटलं काय मागितलंस? म्हणाला, "माझ्यासाठी काही नाही."

१४ एप्रिल

आज जिन-थू स्वतः निघाला. बाटली पिशवीतही घातली नाही, हातात धरली. बाकावर चौघी होत्याच. त्यांच्या समोर ती ल्यूच्या टेबलावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, "साखर आहे. कावीळ पण आहे, ब. अजून कुणाला काही विचारायचंय?"

एकीने सरकून जागा दिली. तो बसला नाही.

घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

२७ मे

आज गाडीवर कुणी दुसरीच पोरगी. आ-मान कुठे? "डोळे पिवळे झालेत त्यांचे."

२८ मे

जिन-थू म्हणतो, "माझं रक्त आहे ते. माझं." जेवत नाही. मला समजूत घालता येत नाही. काय घालू? गप्प कोण बसलं होतं?

९ जून

इस्पितळ. आ-मानचं लिव्हर जवळजवळ थांबलंय. माणसं ओळखत नाही म्हणे. यू-शान दारात उभी होती. "काकू, आत नको." मी पेज नेली होती. डबा बाकावर ठेवून आले.

१४ जून, शनिवार

आ-मान गेली. पहाटे.

१६ जून

लोक म्हणतात हजारात एखाद्याचं असं होतं. हे ऐकून मला बरं वाटावं अशी त्यांची अपेक्षा आहे.

बाटल्या आज एकोणीस घरांतून आल्या. सगळ्या नेऊन दिल्या. हात नुसते चालतात.

२३ जून

यू-शान आली होती. आत आली नाही, चपला घालूनच उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली — "त्या खोक्यात सुयांबरोबर औषधाच्या दुकानाची पिशवी पण होती. काकांचं नाव छापलेली. आईने तिथेच फाडली. डॉक्टरांनाही नाव सांगितलं नाही. मला म्हणाली, साखरेच्याच तर सुया आहेत, उगाच तिची गल्लीत शोभा कशाला. ती आपणहून येईल सांगायला. मी ओळखते तिला."

मग म्हणाली, "चारही दिवस तुमच्यासाठी जास्तीची पेज शिजवायची."