गाडीच्या पोळ्याचे चार वाटे

२३ ऑगस्ट, शनिवार
लातूरहून परत. आईचा गुडघा बराय. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि काठी तिथंच विसरून येते. भाऊ न्यायला आला होता, म्हणून माझी गाडी तीन दिवस इथं नांदेडलाच, गेटसमोर.
गाडी बघितली आणि हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. पांढऱ्या रंगावर लाल ठिपके. वाटी बुडवून उमटवलेले गोल. दारावर तीन छोटे पंजे. आरशांना गोंडे, वायपरला झेंडूचा हार. पुढच्या जाळीत पुरणपोळी कोंबलेली आणि तिच्यापर्यंत मुंग्यांची रांग. काल पोळा झाला. कुणीतरी माझ्या गाडीचा पोळा केलाय!
खूप हसले. मग बोट फिरवून पाहिलं. रंगाखाली ओरखडे, बॉनेटभर, दोन्ही दारांवर. बैल आधी घासून धुतात, तशी धुतली असणार. तारेच्या घासणीनं.
मग नाही हसले.

२४ ऑगस्ट, रवि.
‘कुणीतरी’ शोधायला कुठं जावं लागलं नाही. रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर गोष्टी ऐकायला येणारी तिघं आज आलीच नाहीत. झोया, गौरी, आर्यन. झोयाचे अब्बा गाड्यांची सीट-कव्हरं शिवतात. गौरीच्या वडिलांचं, अप्पांचं, कोपऱ्यावर किराणा दुकान. आर्यनचे वडील जाधव सर, शाळेत शिक्षक, शिवाय आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष.
पेंटरकडे गाडी नेली. वाटेत सिग्नलला सगळे वळून वळून बघत होते. पेंटर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “बैल लई नटवला की, मॅडम!” मग कामाचं बोलला. लाल रंग थिनरनं जाईल. घासलेलं जाणार नाही. बॉनेट आणि दोन दरवाजे पूर्ण मारायचे, बारा हजार.
मागायचे. तिन्ही घरी, प्रत्येकी चार.
आई फोनवर: “पोरांनी हौसेनं केलं अन् तू पैसे मागतीस व्हय?”
“हौसेचेच मागते.”
सासर सोडलं तेव्हा स्वतःची भांडीसुद्धा मागितली नव्हती मी. मागणं म्हणजे भांडण, असं वाटायचं. आता तसं वाटत नाही. हे कधी बदललं, कळलं नाही. बदललं ते बरं झालं.

२५ ऑगस्ट, सोम.
अप्पा वजन करता करता म्हणाले, “पोरं हायत, मॅडम. चालायचंच.”
“माझ्या पोरानं तुमचा काटा मोडला असता तर?”
त्यांनी गूळ खाली ठेवला. “पैशाचं न्हाई जमायचं. चार हजाराचं तेल, डाळ, साखर घेऊन जा की.”
“मी एकटी राहते, अप्पा. चार हजाराची डाळ कधी संपवू?”
अप्पा हसले, पण गल्ल्याला हात लावला नाही.
जाधव सरांकडे चहा मिळाला. चहाबरोबर सल्ला. “इन्शुरन्स आहे ना? सांगा, पार्किंगमध्ये कुणीतरी घासली.”
“हे लिहून कोण देणार, सर? तुम्ही की मी?”
सरांनी बिस्किटांची बशी पुढं सरकवली. आतून वहिनींचा आवाज: “रंगाचा डबा आमचा, मान्य. पण डोकं त्या झोयाचंच. आमच्या आर्यनला कुठलं असलं सुचतंय!”
झोयाकडे उद्या.

२६ ऑगस्ट, मंगळ.
मी जायच्या आधी झोयाची अम्मी आली. शाइस्ता भाभी. बसली नाही. ओढणीच्या गाठीतून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. आठ हजार!
“भाभी, चारच.”
“दो हिस्से रखो, बाजी. लोक बोलून राहिलेत. जास्त दिले की तोंडं बंद होतील.”
“कोण बोलतंय?”
“कोण न्हाई बोलत?”
आणि गेली. मी मागं धावायला हवं होतं. नोटांकडं बघत उभी राहिले. वहिनींचं ते ‘डोकं झोयाचंच’ काल मी चहाबरोबर गिळलं होतं, एक शब्द न बोलता. ते वाक्य एका दिवसात दोन घरं ओलांडून पोचलं.

२७ ऑगस्ट, बुध. गणेश चतुर्थी
गौरी प्रसाद घेऊन आली. दारातच उभी. तिला आत बसवलं.
“ओरडत नाही. फक्त सांग, हे सुचलं कुणाला?”
गौरीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी उगाच भोळेपणा करतेय. “तुम्हालाच की, काकू.”
आणि सगळं सांगितलं. चाकूरजवळच्या आमच्या गावचा पोळा मी त्यांना सांगितला होता. बैल घासून धुवायचे, शिंगं रंगवायची, अंगावर वाटीनं गेरूचे गोल उमटवायचे, मग पुरणपोळी. आर्यननं विचारलं, तुमचा बैल कुठंय आता? मी म्हणाले, तो काय, गेटसमोर उभाय, पांढरा.
म्हणाले होते. अगदी असंच. स्वतःच्या विनोदावर हसलेही होते.
“मग तुम्ही लातूरला गेलात. बैलाला तसंच कसं ठेवायचं? घासणी मी आणली दुकानातून. नवी हुती. झोया म्हणली, घासणी नको, फडकं घेऊ. पण फडक्यानं चिखल निघंना.”
म्हणजे जिच्या नावानं गल्ली बोलतेय, तिनंच एकटीनं नको म्हटलं होतं.
वाटे चार. एक माझा. तीन-तीन हजार.

२८ ऑगस्ट, गुरु.
आज सगळ्यांकडे. ताठ मानेनं. स्वतःचा वाटा धरल्यावर पाय हलके पडतात.
अप्पांना सांगितलं. त्यांनी गौरीला हाक मारली, “घासणी तू नेलतीस व्हय गं?” ती पोत्यामागं गेली. अप्पांनी गल्ला उघडला, तीन हजार मोजले. “तुम्ही सोता एक वाटा घेतला म्हणल्यावर मला काय तोंड हाय?” वर किलोभर डाळ. ती घेतली.
भाभीला पाच हजार परत द्यायला गेले. घेईना. गौरीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरले. शेवटी पाच हजार घेतले आणि म्हणाली, “झोया आता तुमच्याकडं न्हाई येणार, बाजी.”
“का?”
“तिघांचे पैसे आले तर पोरांचा खेळ म्हणतील. जाधवांचे आलेच न्हाई, तर म्हणतील, ज्यांनी केलं त्यांनी भरलं. मग उद्या कुणाच्या घरी काही फुटलं, तरी माझ्याच पोरीला...”
झोया मशीनजवळ बसून चेनी रंगांप्रमाणे वेगळ्या करत होती. मान वर केली नाही.
जाधव सर: “बघू. गणपती होऊ द्या.”

३१ ऑगस्ट, रवि.
एसटीनं लातूरला. गाडी पेंटरकडे. खिडकीशी बसून स्वतःला विचारलं: हे झोयासाठी करतेस, की सरांपुढं हरायचं नाही म्हणून? अहमदपूरपर्यंत उत्तर ‘झोयासाठी’ होतं. चाकूरला ‘दोन्ही’. ठीक आहे. दोन्ही असू दे.
आईला सगळं सांगितलं. ती काठी शोधत म्हणाली, “त्या मास्तरला म्हणावं, पोराला काय शिकवून राहिलाय?”
आई माझ्या बाजूला आली!

४ सप्टेंबर, गुरु.
गाडी आली. दारं कोरी. पंजे गेले ते बघून जरा चुकचुकल्यासारखं झालं. सरांचे तीन हजार सध्या मीच घातलेत.
सर मंडपातून आले, बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघून केस नीट केले. “झाली ना चकाचक? मग आता काय राहिलं?”
“तुमचा वाटा, सर.”
“तुम्ही लेखक लोक लई ताणता बुवा.”
“वर्गणी मागायला तुम्ही माझ्याकडं किती वेळा आलात?”
“चारदा.”
“मी तिसऱ्यांदाच मागतेय.”
मंडपातली पोरं हसली. सर नाही हसले. चुकलं का? चारचौघांत नको होतं. पण मागणं चुकलं नाही.

६ सप्टेंबर, शनि.
विसर्जन. गौरी, आर्यन लेझीम खेळत पुढं. दरवर्षी तिघांची ओळ असते. यंदा मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, आणि ती मोकळी जागा घेऊनच खेळत होती. कुणी सांगितलं नसेल त्यांना. झोया गच्चीवर. मी वर बघून हात केला. तिनं केला, मग मागं सरकली.

९ सप्टेंबर, मंगळ.
जाधव वहिनींचा फोन. आवाज दबका. “ताई, दुपारी या. सर शाळेत असतात. मी साठवलेत, देऊन टाकते. आर्यन जेवत न्हाई नीट. पण कुणाला बोलू नका.”
क्षणभर वाटलं, घ्यावेत. पैसे येतील, वहिनी मोकळ्या होतील. पण कुणाला कळलंच नाही, तर भाभीच्या पोरीचं काय सुटलं? आणि वहिनींनी चोरून का द्यावेत? वाटा सरांचाही आहे.
“वहिनी, तुम्ही फोन केलात, हे विसरणार नाही मी. पण दुपारी नाही येत. उद्या सहाला येते, सर असताना. सगळ्यांदेखत.”
“सर ऐकायचे न्हाईत.”
“मग तसं माझ्या तोंडावर म्हणू देत.”
“बघा बाई,” आणि फोन ठेवला.
तशीच भाभीकडे गेले. ती कव्हरच्या कडेला शिलाई घालत होती. म्हटलं, “उद्या सहाला जाधव सरांकडं चाललेय. तुम्ही चला. झोयालाही घ्या. घासणी नको कोण म्हणालं होतं, ते आर्यन आणि गौरी त्यांच्यासमोर सांगतील. गौरीला मी आणते.”
मशीन थांबलं. भाभीनं दोरा तोडला, कव्हर उलटून बघितलं, परत सुलटं केलं. झोया आतल्या दारात येऊन उभी.
“त्यांच्या घरात मी कधी गेले न्हाई, बाजी. नऊ वर्षं झाली इथं.”
“मी असेन ना.”
पुन्हा मशीन सुरू. मला वाटलं, झालं, नाही येणार. उठले. चप्पल घालत होते, तेव्हा मागून आवाज आला.
“सहाला न्हाई. साडेपाचला. मगरिबच्या नमाजाआधी परत यायला पाहिजे.”
घरी येऊन वहिनींना मेसेज टाकला: उद्या साडेपाच. आम्ही चौघी.
वाचलाय त्यांनी. उत्तर अजून नाही.