जवायाच्या मासोळीचं माहेर

दारव्हा,
आषाढातला बुधवार

आदरणीय जवाईबुवा,

घनश्यामचा तुमाले रामराम. आमी दोघं मजेत, अन् तुमचे मासेबी मजेत. (हे पयलेच सांगून टाकतो, काहून का तुमची नजर खाली तेच शोधत गेली असन.) प्रेरणाची तब्येत कशी हाये? सातवा लागला, तिले जडबीड उचलू देऊ नोका. फोनवर इचारलं असतं, पण तिकडं झरीले रेंज टिकत नाही, अन् टिकली तं तुमी "हो, हो" करून फोन प्रेरणाजवळ देऊन देता. पयलं बाळंतपण माहेरी करायचा इषय या पत्रात मी काढणार नाही, तुमच्या सासूबाईनं तशी शपथच घातली हाये. झरीले बदली झाली तवा काचपेटी आमच्या हॉलात ठेवता ठेवता तुमी हासून म्हणाले होते, का मामाजी, आधी हे मासे सांभाळून दाखवा, मंग प्रेरणाले पाठवायचं पाहू. तुमी हासले, आमी नाही हासलो. त्या दिवसापासून या घरात कोणी मासे पाळून नाही राह्यलं, परीक्षा देऊन राह्यलं.

आता मासे पाळण्यात अवघड असं काईच नाही. ज्यानं म्हशी सांभाळल्या, त्याइच्या लाथा खाल्ल्या, त्याले बोटाएवढ्या माशाचं काय भेव? तुमी जाताना सांगतलं होतं का हे सिक्लिड आफ्रिकेतल्या तळ्यातले, त्याइले आपलं बोरचं जड पाणीच मानवते, बदलू नोका. सांगतलं होतं, मले मान्य हाये. पण जवायाच्या जीवाले बोरचं पाणी कोणच्या तोंडानं द्यायचं? त्या पाण्यानं आमच्या भगोन्याले पांढरा थर बसते. तुमी घरी आले का तुमाले आमी जारचं पाणी देतो, मंग तुमच्या माशाइले काहून नाही? लावला जार. मासे फिके पडत गेले, दगडामांगं जाऊन बसले. मले वाटलं, नव्या घरी लाजून राह्यले असतीन. त्यात अधिक महिना आला. जवायाले धोंडे खाऊ घाला लागते, अन् तुमाले तं सुटी भेटली नाही. म्हटलं, जवाई नाही तं जवायाचे मासे. पुरणाचा धोंडा कुस्करून टाकला, वरतून तूप सोडलं. (चांदीचं वाण पेटीत टाकलं नाही, तेवढी अक्कल हाये मले.) तुपाचा असा तवंग आला का मासेच दिसनात, अन् दुसऱ्या दिवशी पाण्याची कढी झाली.

पाणी बदलायासाठी जार मागवाले गेलो, तं जारवाल्याची मोटर जळालेली. नाइलाजानं बोरचं पाणी भरलं. जवाईबुवा, हप्ताभरात मासे हळदीसारखे पिवळे झाले. मोठा नर तं असा माजला का त्यानं पेटीतले सारे गोटे उकरून एका कोपऱ्यात ढीग घातला, अन् जो समोर दिसन त्याच्या मांगं लागला. मी गल्लीत सांगून देलं का पाणी बदलायची युक्ती माह्याच डोक्यातून निंघाली. (जारवाल्याचं नाव घ्यायचं काई कारण नाही.)

अन् अशा आनंदात, प्रेरणाची लाडकी जे पिवळी हाये ना, तिनं खाणं सोडलं. दाणे टाकले तं तोंड फिरवून घे. गाल दोन्हीकून फुगलेले. म्या पाह्यल्या पाह्यल्या ओळखलं का हे गालफुगीच हाये. प्रेरणाले लहानपणी झाली होती तवा हळदीचा लेपच कामी आलता. हळद उगाळली, वाटी घेतली, बाह्या वर केल्या. जवाईबुवा, खरं सांगतो. एक मासोळी गेली असती तं तुमी काई बोलले नसते, पण आमची पोरगीबी इकडं आली नसती. तेवढ्यात तुमच्या सासूबाईनं माहा हात धरला. ते कित्येक दिवसापासून भाजीसुद्धा पेटीपुढं पाट मांडूनच निवडत होती, अन् तिनं मासोळी जांभई देताना आत बारीक बारीक डोळे पाह्यले होते.

"ठेवा ते वाटी," म्हणे. "तिले रोग नाही झाला. ते माय हाये. तोंडात लेकरं धरून बसली, म्हणून उपाशी हाये."

बाजारात काचपेटीचे मासे इकणाऱ्या आसिमनंबी तेच सांगतलं, का या जातीत माय अंडे तोंडात घेते अन् पिल्लं पोहाले लागंपर्यंत अन्नाले शिवत नाही. म्या घरी येऊन हळदीची वाटी धुऊन ठेवली, अन् त्या मासोळीपुढं पाट ओढून बसलो.

मंग काय इचारता? काचपेटीची बाळंतिणीची खोली झाली. तिन्ही बाजूनं जुनं लुगडं बांधलं, कोपऱ्यात कडुनिंबाची डहाळी टांगली, हॉलात मोठ्यानं बोलाले बंदी. मले शिंक आली तं मी आंगणात जाऊन शिंकून येतो. नर लय दांडगाई करून राह्यला होता, तं मंधात जाळी लावली. सासूबाई शेगडी आणत होत्या, शेकाले. ते मात्र म्या अडवलं. परवा सकाळी पिवळीनं तोंड उघडलं, अन् जिऱ्याएवढी पिल्लं बाहीर निंघाली, भेव वाटलं का परत आईच्या तोंडात. तुमच्या सासूबाई पाहत पाहत हासत होत्या अन् डोळे पुसत होत्या. सारं सुखरूप पार पडलं, कोणाले काई झालं नाही. एवढंच कळवायचं होतं.

तुमचा,
घनश्याम

ता. क. : शपथ पत्रापुरती होती, अन् पत्र वर सही करून संपलं. तवा आता सांगतो. प्रेरणाले पाठवून द्या. मांगची खोली चुन्यानं पोतून झाली, बाज नव्यानं विणली, डिंकाचे लाडू वळायचेच बाकी. पोरगी गेल्यापासून घर खायाले उठते. तुमची मासोळी इथं बाळंत झाली, अन् तेही पयलटकरीण. आता आणखी काय दाखवू?

दुसरा ता. क. : पाकीट बंद करता करता पाह्यलं तं पिल्लं कमी दिसली. जाळी सरकली होती, अन् आसिम म्हणते का बापानंच गिळले असतीन. म्हणून बापाले वेगळ्या बादलीत ठेवलं, हवेची नळी लावून, पूर्ण मानानं. तुमी बाळंतपणाले आले का मनाले लावून घेऊ नोका. तुमची बाज हॉलातच टाकू. बादली सध्या भरलेली हाये.