शिरगणतीत न सापडलेली आजी

नेदर ब्रॅम्ली, वुस्टरशर
७ फेब्रुवारी २०११

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

तू विणलेले मोजे पोचले. एक माझ्या पायाला होतो, दुसरा चहाच्या किटलीला. दोघंही उबेत आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मग माझ्यावरच ओरडतेस, म्हणून लिहितो.

सभागृहापुढच्या नव्या बाकाचं तुला मागे कळवलंच होतं. १९११ च्या शिरगणतीला येत्या दोन एप्रिलला शंभर वर्षं होतात, म्हणून त्या वेळच्या गावातल्या एखाद्या बाईचं नाव बाकाला द्यायचं ठरलंय. केझाया आजीचंच नाव लागावं हा तुझा हट्ट मी सभेत मांडला. सेक्रेटरी मिस्टर क्रंप यांची अट एकच. त्या शिरगणतीत ती बाई गावात दिसली पाहिजे. जन्मदाखले, लग्नाच्या नोंदी, काही चालणार नाही. मागच्या बाकावर ज्या कर्नलचं नाव कोरलं त्यानं गावात कधी पाऊलच ठेवलं नव्हतं, हे पाटी बसवल्यावर निघालं. तेव्हापासून क्रंप देवाकडेही रहिवासाचा दाखला मागतील.

तर हेस्टर, मन घट्ट कर. मला आपल्या घराचा तक्ता मिळाला. त्या साली तक्ते घरधन्यानं स्वतः भरायचे होते, त्यामुळे अक्षर खुद्द सायलस आजोबांचं. गाड्यांची चाकं घडवणाऱ्या हाताचं, गोल गोल. पाहून डोळे भरले. अक्षर गिरवायचो त्या वर्गातला फळा, ओल्या कोटांचा वास, दौतीत बुडालेली माशी, सगळं आठवलं. पहिल्या ओळीत आजोबा, वय एकतीस. दुसऱ्या ओळीत आजी नाही. दुसऱ्या ओळीत आहे मटिल्डा! नातं: पाहुणी. वय: चोवीस, आणि पुढे शाईचा डाग. विधवा. जन्म ग्लॉस्टरशरचा. झालेली मुलं अकरा, हयात नऊ. व्यंग असल्यास, या रकान्यात आजोबांनी लिहिलंय: भूक आवरत नाही.

आजीचं नाव पूर्ण गावात कुठे नाही. आणि आपले बाबा जन्मले त्याच वर्षी नाताळात! मी तीन दिवस जेवलो नाही (बुधवारी थोडं खाल्लं). आजी घर सोडून गेली होती, हे उघड आहे. आपली खरी आजी ही अभागी मटिल्डा. केझाया आजी पुढे परतली आणि तिनं परक्याचं मूल पोटाशी धरलं. मला तर चार ओळी सुचल्या:

नऊ लेकरे कवेत घेउन
उभी राहिली दारी,
नाव न ठावे, कूळ न ठावे,
तरी जगाहुन भारी!

लोभ आहे तितका ठेव, रागावून कमी करू नकोस.
तुझा दादा,
लँबर्ट


व्हिटबी
१५ फेब्रुवारी २०११

ती. लँबर्टदादा यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोष चष्म्यात नव्हता.

चोवीस वर्षांची बाई आणि अकरा मुलं? दादा, तू कविता शिकवायचास हे मान्य, पण शाळेत गणिताचा मास्तरही असेलच ना, त्याला तरी विचारायचंस! आणि बाबांचा जन्मदाखला तूच मला फ्रेम करून पाठवलास. त्यात आईच्या नावापुढे केझाया लिहिलंय. तो तुला दिसला नाही का?

आजी त्या रात्री कुठे होती ते मला ठाऊक नाही. त्या वर्षाचा विषय निघाला की ती हसायची आणि कणीक जरा जोरात तिंबायची, एवढं आठवतं. पण ज्या बाईनं आपल्या आईमागे मला नऊ वर्षांची असल्यापासून वाढवलं, माझ्या केसांतल्या उवा काढल्या, मला लिहायला शिकवलं, ती माझी कोणी नव्हती आणि कोणी खादाड पाहुणी माझी आजी होती, हे मी तुझ्या कागदावरून मानणार नाही. माझं नितंबाचं हाड धड असतं तर पहिल्या गाडीनं येऊन तुझा वंशवृक्ष चुलीत घातला असता. बाकावर आजीचंच नाव हवं. मला आता दुसरं काही मागायचं राहिलेलं नाही.

कविता बरी आहे. फक्त नऊ लेकरं एका कवेत मावत नाहीत.

राग गेला की लोभ पूर्ववत होईल.
तुझी,
हेस्टर


नेदर ब्रॅम्ली
२४ फेब्रुवारी २०११

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

जन्मदाखल्याचं म्हणशील तर आजोबांनी अब्रू झाकायला पत्नीचं नाव घातलं असणार. आम्हा शोधकांना अशा फसव्या नोंदी नित्याच्याच. अकरा मुलांचं म्हणशील तर जुळी असतील. तिळीही असतील. त्या काळच्या बायका काय ताकदीच्या होत्या!

आणि आता कळवायला संकोच वाटतो, पण तुझं पत्र यायच्या आधीच मी मटिल्डाची कहाणी चर्चच्या मासिकात दिली होती. ती छापून आली. खाटकाच्या दुकानात बायका रडल्या म्हणे. सभापती मिसेस ऑलसॉप स्वतः माझ्या दारी आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की लँबर्ट, इतकं दुःख पोटात ठेवून तू आम्हाला इतकी वर्षं नाताळची नाटकं बसवून दिलीस! क्रंपही खूश आहेत, कारण मटिल्डाचा दाखला पक्का आहे. बाकासाठी तिचंच नाव पुढे आलंय. एकवीस मार्चला सभा. आजीचा पुरावा तोवर आला तर ते विचार करतील, नाहीतर मटिल्डा.

मी प्रदर्शनासाठी वंशवृक्षही नव्यानं काढला. मटिल्डाभोवती रानगुलाबांची वेल रंगवली. पहिलं बक्षीस मिळालं.

लोभाची आठवण देतो, मागत नाही.
लँबर्ट


व्हिटबी
३ मार्च २०११

ती. दादा यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस. किटली विस्तवावर असेल तर उतरव.

आजीचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मी पोटमाळ्यावरून काढवला. शेजारच्या बाईनं शिडी चढून काढला आणि तिथली कोळिष्टकं पाहून मला दोन शब्दही सुनावले. डब्यात आजीची जांभळ्या, पांढऱ्या, हिरव्या रंगांची फीत निघाली, मताचा हक्क मागणाऱ्या बायका लावत तशी. तिच्या खाली एक छापील कार्ड. त्यावरचं जसंच्या तसं उतरवते.

जिल्हा पशुप्रदर्शन, १९११. वर्ग सहावा, डुकरिणी. दुसरं बक्षीस. मटिल्डा, जन्म एप्रिल १९०९, ग्लॉस्टरशर. पिल्लं अकरा, जगली नऊ. मालक सायलस टॅपस्कॉट, नेदर ब्रॅम्ली.

चोवीस महिने, दादा. तुझ्या त्या डागाखाली महिने आहेत.

कार्डाच्या मागे आजीच्या हातचं लिहिलंय. तिचं म्हणणं असं, की सरकार मताचा हक्क देताना आम्हा बायकांना माणसांत धरत नाही, तर मग माणसं मोजायला आलं तेव्हा मी तरी त्यांना का सापडावं? त्या रात्री देशभर कितीतरी बायका घराबाहेर राहिल्या, कुणी माळ्यावर, कुणी रानात, म्हणून मीही सफरचंदांच्या माळ्यावर जाऊन बसले. सायलस खालून ओरडत होता की तक्त्यात एकटाच कसा दिसू, गावाला ठाऊक आहे घरात दोघं आहेत. मी वरून सांगितलं, मग त्या दुसरीला लिही, तिचा तरी कुठे आक्षेप आहे! राजापेक्षा बायकोला जास्त भिणारा माणूस, त्यानं खरंच लिहिलं.

विधवा यासाठी, की तिचा नर त्याच थंडीत कापला होता. दोघांनी त्याचं खारवलेलं मांस मार्चपर्यंत खाल्लं, असंही आजीनं नोंदवलंय.

तुझ्या रानगुलाबांबद्दल काही बोलत नाही. मी गेले दोन दिवस हसते आहे, आणि मधेच रडते आहे. आजी कुठे गेली नव्हती रे. डोक्यावरच बसली होती. आता जा आणि तिचं नाव लावून ये.

लोभ दुप्पट झालाय, सांभाळून वापर.
हेस्टर


नेदर ब्रॅम्ली
१२ मार्च २०११

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

तीन रात्री मी आरशात पाहिलं नाही. कान पाहायची भीती वाटत होती.

मग धीर करून क्रंपकडे गेलो. डुकरिणीचं बोललो नाही. फक्त म्हटलं, माझी आजी त्या रात्री मुद्दाम लपली होती, तिच्याच हातचं लिहिलेलं आहे. ते म्हणाले, घरातल्या माणसानं घरातल्या माणसाबद्दल लिहिलेलं चालत नाही, शिरगणतीचाच कागद हवा. जी शिरगणतीत सापडू नये म्हणून लपली तिला शिरगणतीतच दाखवा, असं त्यांनी मला अगदी शांतपणे, बिस्कीट चहात बुडवत सांगितलं.

तेव्हा एक गोष्ट सुचली, जी इतक्या वर्षांत सुचायला हवी होती. घरोघरचे तक्ते गोळा करणाऱ्या कारकुनाची स्वतःची वेगळी वही असते. तिच्यात नुसते आकडे असतात म्हणून आम्ही ती कधी उघडत नाही. मी बसनं वुस्टरच्या दप्तरखान्यात गेलो. तिथल्या मुलीनं माझं पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. पान उलटलं आणि आपल्या घरापुढे समासात बारीक अक्षरात ही नोंद:

माळ्यावर एक स्त्री, वय सुमारे पंचवीस. नाव सांगत नाही, खाली येत नाही. सलगम फेकून मारले. दोन लागले. एक स्त्री हिशेबात धरली.

हेस्टर, ती आजी! तो नेम आठवतोय? मी पाठांतरात अडखळलो की स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकाला माझ्या कपाळावर बरोबर वाटाणा यायचा. बिचाऱ्या कारकुनाला दोन सलगमांनंतर खाली मटिल्डा कोण हे विचारायचं त्राण राहिलं नसणार.

क्रंपना आडून विचारलं, नाव नसेल पण घर आणि वय असेल तर? ते म्हणाले, सरकारी वही ना, मग चालेल. नक्कल खिशात आहे. एकवीसला सभेपुढे ठेवतो. आपण जिंकलो.

लोभ घाईघाईत.
तुझा दादा


व्हिटबी
१७ मार्च २०११

ती. दादा यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी टाळी वाजवली. मग रात्रभर, नको, खोटं कशाला लिहू, चहा गार होईपर्यंत विचार केला.

ती नोंद पुन्हा वाच. एक स्त्री हिशेबात धरली. तिनं धरू दिलं नव्हतं. बापडी थंडीत माळ्यावर बसली, सलगम संपेपर्यंत लढली, आणि त्या माणसानं जिना उतरून खाली मुकाट्यानं एक आकडा वाढवला. ते तिला कधी कळलं नाही. ती ज्या हसण्यानं हसायची ना, ते जिंकलेल्या बाईचं हसणं होतं. शंभर वर्षांनी तिच्याच नातवंडांनी तो कागद भर सभेत फडकवायचा आणि म्हणायचं, पाहा, सापडली! दादा, मग आपण त्या कारकुनाच्या बाजूचे झालो.

मला तिचं नाव त्या बाकावर हवं होतं. किती हवं होतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून तूच समज की हे लिहिताना माझं काय होतंय. तो कागद देऊ नकोस. आणि मटिल्डाचं खरं रूपही सांगू नकोस. क्रंपसाहेबांना पुरावा हवा ना? तिचा पुरावा पक्का आहे. लागू दे तिचं नाव. ती रीतसर मोजली गेली होती, कुरकुर न करता.

तू मासिकात माफी मागायचं म्हणशील. नको. तेवढं प्रायश्चित्त पुरे, की तुला आयुष्यभर मटिल्डाचा नातू म्हणून गावात फिरायचंय.

लोभ कमी पडला तर कळवावे.
हेस्टर


नेदर ब्रॅम्ली
३ एप्रिल २०११

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

सभेत क्रंपनी विचारलं की केझाया टॅपस्कॉट यांच्याबद्दल काही पुरावा हाती आला का. कागद माझ्या आतल्या खिशात होता. छातीला चटका बसावा तसा लागत होता. मी उठलो आणि म्हणालो, ती कुठेही सापडली नाही. आवाज कापला. मिसेस ऑलसॉपना वाटलं दुःखानं, त्यांनी रुमाल दिला.

काल बाकाचं उद्घाटन झालं. पितळी पाटीवर लिहिलंय: मटिल्डा, या गावची पाहुणी, नऊ लेकरांची माता. मिसेस ऑलसॉप बोलल्या. म्हणाल्या, दोन वेळच्या अन्नाला मोताद झालेली ही विधवा, भुकेलाच जिचं व्यंग म्हटलं गेलं, ती आज आपल्या सगळ्यांची आई आहे. खाटीक सर्वांत मोठ्यानं हुंदके देत होता. त्यानं सॉसेज घातलेले पाव फुकट वाटले. मी एक घेतला, पण घशाखाली जाईना, म्हणून खिशात ठेवला. मग माझ्या चार ओळी म्हणून दाखवायचा आग्रह झाला. म्हटल्या. चालीवर म्हटल्या. हसू आलं की मी डोळे मिटत होतो, आणि लोकांना ते फार भावपूर्ण वाटलं.

नातू म्हणून बाकावर पहिला मान माझा. मी एका टोकाला बसलो. ऊन चांगलं होतं, सभागृहामागची सफरचंदाची झाडं अजून उघडी, नुसत्या कळ्या. शेजारी भरपूर जागा होती. मिसेस ऑलसॉप टेकायला लागल्या तेव्हा मी हात आडवा केला आणि म्हटलं, माफ करा, इथे बसलंय कोणीतरी. त्यांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दयेनं उभ्याच राहिल्या.

तेवढ्यात क्रंप वही घेऊन चहासाठी माणसं मोजत आले. एकूण त्रेचाळीस, म्हणाले. मग माझ्या शेजारच्या जागेवर पेन्सिल रोखून त्यांनी विचारलं की कोणी बसलंय असं तुम्हीच म्हणालात, तर मग चव्वेचाळीस लिहू का?

मी त्यांना सांगितलं की बसलंय खरं. पण तिला मोजू नका.

लोभ असाच बिनहिशेबी असू दे.
तुझा दादा,
लँबर्ट