सूचकाची सही

३ जानेवारी

चि. सौ. चिमीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना तेल चोळतेस ना? माझं बरं चाललंय. सकाळी वाचनालयाच्या खिडकीत बसतो. ऊन टेबलावर सरकत येतं आणि शाळेतल्या कविता चालीसकट आठवतात. मात्रा मोजणारी मास्तरांची छडीसुद्धा ऐकू येते.

बातमी अशी की नगरपालिकेची निवडणूक लागली आहे. आपल्या प्रभागातून बगळा पाचव्यांदा उभा राहतोय. तू त्याला विसरणं शक्यच नाही. वर्गात एका पायावर उभं राहायची शिक्षा रोज त्याला, आणि तू खिडकीतून वेडावून दाखवायचीस. त्याच्यासमोर उभी आहे नळवाली. कोपऱ्यावरच्या नळदुरुस्तीच्या दुकानातली सून ती. नवरा गेल्यावर पाना तिनंच हाती घेतला.

बगळ्याच्या प्रचाराच्या ओळी चारही वेळा मीच लिहिल्या. माणूस सोन्यासारखा, गावचा पैसुद्धा कधी खाल्ला नाही. पण त्याचे गुडघे तुझ्यासारखेच. चार वर्षांत तो वरच्या आळीची चढण चढलेला नाही, आणि पाणीही चढत नाही. भोवतालचे चार जण सगळं आलबेल म्हणून सांगतात, हा मान डोलावतो. नळवाली मात्र रोज चढते. परवा मला रस्त्यात थांबवून म्हणाली की दादा, पाणी कमी नाहीच मुळी, वळणावरची मोठ्या नळाची चावी गंजून अर्धी बसली आहे. सहा महिने अर्ज करतेय बाई. पुढारी निवडताना लोक भाषणं ऐकतात, मी चपला बघतो. तिच्या टाचा पार झिजल्या आहेत.

काल ती घरी आली. उमेदवारी अर्जावर प्रभागातल्या एका मतदाराची सूचक म्हणून सही लागते, ती तुम्ही कराल का, असं विचारून गेली. साठ वर्षांच्या मैत्रीचं काय करू गं? बगळ्यासाठी नेहमीसारख्या ओळी लिहायला बसलो, तर यमकच जुळेना.

उत्तर लवकर धाड. माया आहे तेवढी पुरे, सल्ला जरा जास्त पाठव.

तुझा दादा

८ जानेवारी

ती. दादांस धाकटीचा सा. न. वि. वि.

माझ्या गुडघ्यांना राजकारणात ओढू नकोस. आमचे हे आधीच कुरकुरतात की तुझ्या भावाचं पत्र आलं की घरात तासभर स्वयंपाक थांबतो.

तुझं मन ठरलेलंच आहे, मला फक्त री ओढायला बोलावलंस. ओढते. सही कर. पण आधी बगळ्याकडे जा आणि त्याच्या तोंडावर सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो मोडेल.

आणि दादा, हात जोडून सांगते, सही नीट कर. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या जागी तू ऐटीत ‘कवडसा’ अशी सही ठोकली होतीस. तुला कवितांसाठी टोपणनाव मिळालं, आणि मला वर्गाबाहेर दिवसभर उभं राहणं. त्या बाईच्या अर्जावर तरी कवडसा पाडू नकोस.

रागावलास तरी चालेल, पत्र थांबवू नकोस.

तुझी धाकटी

१९ जानेवारी

चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. पाडलाच.

आधी बगळ्याकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. त्याच्या चहावर साय धरली. शेवटी एवढंच म्हणाला की जिना जपून उतर, तिसरी पायरी हलते.

अर्ज भरायच्या दिवशी झरोक्यातून कागदावर उन्हाची तिरीप पडली होती. मी त्या तिरिपेकडे बघत राहिलो, आणि हात आपला चालत राहिला. छाननीच्या दिवशी बगळ्याच्या माणसानं हरकत घेतली की मतदारयादीत ‘कवडसा’ नावाचा कुणी नाही. मला बोलावलं. सही माझीच, असं मी सांगितलं. अधिकारी म्हणाले, असेलही आजोबा, पण बँकेच्या पुस्तकात वेगळीच आहे. पाचपर्यंत पुरावा आणा, नाहीतर अर्ज बाद. पुरावा कुठून आणू? मी कवितेचा एक कागद कधी जपला आहे का? नळवाली हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती नुसती घड्याळाकडे बघत होती. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून बगळा उठला. आपल्या माणसाला खाली बस म्हणाला, आणि अर्ध्या तासात येतो म्हणून स्वतः घरी गेला. त्या गुडघ्यांनी, चिमे! परतला तो कापडी पिशवी घेऊन. चारही निवडणुकांच्या माझ्या हातच्या ओळी त्यानं साहेबांपुढे मांडल्या. छापलेल्या नव्हेत, मूळच्या. प्रत्येकीखाली ‘कवडसा’. तळाशी माझ्या शाळेच्या वहीचं एक पिवळं पान, त्यावरही तीच सही. मला वाटायचं, छापून झालं की हा ते कागद रद्दीत घालतो. म्हणाला, या सहीनं मला चारदा निवडून आणलंय साहेब, खोटी असती तर मला कळली असती. त्याचा माणूस कपाळाला हात लावून बसला. साहेबांनी भिंग लावून कागद ताडून पाहिले आणि अर्ज मंजूर केला.

माझ्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली होती. मला अक्कल येईपर्यंत तुझ्या आठवणीत असू दे.

तुझा दादा

२५ जानेवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र घरात मोठ्यानं वाचलं. कापडी पिशवी आली तिथून पुढचं ह्यांनी वाचलं. बगळ्याला सांग, वेडावून दाखवलेलं सगळं मी परत घेतलं.

पण आता तुझं अवघड झालं. असं वागणाऱ्या माणसाविरुद्ध मत देववेल तुला? मला नसतं देववलं. जे करशील ते कळव, मी तुझ्याच बाजूची आहे.

तुझी धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद.

मत द्यायला उभा राहिलो तेव्हा कापडी पिशवी डोळ्यांपुढून हलेना. मग वरच्या आळीतल्या रिकाम्या बादल्या आठवल्या, आणि त्या टाचा. बगळ्याला मान दिला, तिला मत दिलं.

नळवाली थोडक्या मतांनी निवडून आली. दुसऱ्याच सकाळी वळणावर खड्डा खणून पाना घेऊन उतरली. आणि खड्ड्याच्या काठाला स्टूल टाकून कोण बसलं होतं? बगळा. रस्त्याखालचा जुना नळ कुठून कुठे वळतो हे कागदावर नाही, त्याच्या डोक्यात आहे. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्यानंच तो घातला होता. हा काठीनं दाखवत होता, ती खणत होती. दुपारी वरच्या आळीत धार लागली. आपल्या गावाला एकाच प्रभागात दोन पुढारी लाभले, चिमे, आणि आपण उगाच रडत असतो.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, यंदा ओळी दिल्या नाहीस, आता हरल्याच्या तरी दे. बसलो. यमक धावत आलं. चार ओळी झाल्या, आणि अंगाशी आलेलं आठवून मी खाली शहाण्यासारखं पूर्ण नाव लिहिलं. त्यानं कागद उजेडात धरला, मला परत दिला आणि म्हणाला की या माणसाला मी ओळखत नाही, माझी हरकत आहे.

खोडून नीट सही केली. पिशवीत पाचव्या निवडणुकीचा कागद गेला.

लोभ आहे तसा ठेव. वाढवलास तर इथं कुणाची हरकत नाही.

तुझा
कवडसा